अण्णासो कुरण्यांचं विमान

राजारामपुरीत अण्णासो कुरणेला बरं म्हणणारा माणूस शोधायला निघालात तर दुपार तिथंच व्हायची. आणि अण्णासो स्वतः ज्याला बरं म्हणतो असा माणूस शोधायचा असेल तर निघूच नका, उगाच चपला झिजतील. जीभच अशी, की समोरच्यानं ‘जय भीम’ म्हणून हात उचलायच्या आत त्याची साल निघालेली असायची. डॉक्टर दिसला की ‘आला सलाईनवाला’. क्लासवाला मास्तर दिसला की ‘आला नोटसांचा व्यापारी’. नगरसेवक दिसला की मात्र काही बोलायचा नाही, फक्त थुंकायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचा, तंबाखू हाय तोंडात, तुमचं काय जातंय?

एका गोष्टीला तेवढं तो नावं ठेवत नसे. विमानाला.

त्याचं कारण होतं. बापानं जन्मभर दुसऱ्याच्या उसात कोयता चालवून पोराला मॅट्रिक केलं, आणि पोरगं पासष्टच्या सुमाराला एअरफोर्सात भरती झालं. पायलट म्हणून नव्हे बरं का. अण्णासो होता रिगर, म्हणजे विमानाचं अंग सांभाळणारा. पंख, शेपूट, पत्रा, रिबिटा हा त्याचा संसार. उमेदीची सगळी वर्षं त्यानं नॅट नावाच्या विमानाखाली आडवं पडून काढली. हे नॅट एवढंसं, की बाकीच्या विमानांशेजारी उभं केलं तर पोरगं वाटायचं. लढाईच्या आधी त्याला बघून हसणारे पुष्कळ होते. मग ह्याच पोरग्यानं आभाळात पाकिस्तानची सेबर विमानं लोळवली आणि हसणाऱ्यांची दातखीळ बसली. अण्णासोला हे फार आवडायचं. आपणही अंगानं बुटके आहोत, हे त्यात होतंच.

तिथून परत आल्यावर तो उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत पॅटर्नमेकर झाला. लोखंडाचा रस ओतायच्या आधी वाळूत ठसा उठवायला लाकडाचा नमुना लागतो, तो करणारा. हात असा बसलेला, की लाकडाला कागदाची जाडी देईल. पण गल्लीला त्याचं काय कौतुक? गल्लीला एअरफोर्स म्हणजे पायलट, एवढंच ठाऊक. कुणीतरी पानाच्या टपरीवर हटकून विचारायचं, ‘अण्णा, किती इमानं पाडलासा?’

‘पाडली न्हाईत, उभी केली,’ अण्णासो म्हणायचा. ‘पाडायचं काम तुमच्या खानदानात चांगलं जमतंय. म्युन्शिपाल्टीची शाळा पाडलासाच की परवा.’

आता ह्या माणसाच्या वाटेला शहाण्यानं जाऊ नये. पण हंबीरराव गेला, कारण हंबीरराव शहाणा नव्हता, अध्यक्ष होता. गल्लीतल्या तरुण मंडळाचा अध्यक्ष. मंडळ तरुण आणि अध्यक्षाला नातवंडं, पण खुर्ची काही सुटत नव्हती. कोल्हापुरात गणपतीच्या दिवसांत मंडळाची अब्रू असते देखाव्यावर, आणि त्यातही हलणाऱ्या देखाव्यावर. नुसती मूर्ती बसवली तर बायकासुद्धा उभ्या राहत नाहीत. काहीतरी फिरलं पाहिजे, उघडलं पाहिजे, धूर निघाला पाहिजे. शेजारच्या गल्लीनं त्या वर्षी दहा तोंडांचा मान हलवणारा रावण केला, आणि हंबीररावाची झोप उडाली. चौऱ्याण्णव सालची गोष्ट. तो अण्णासोच्या दारात आला.

‘अण्णा, एक इमान करून द्या की आमच्या मंडळाला. उडालं पायजे पण.’

अण्णासो बौद्ध माणूस. त्यानं कधी गणपतीपुढं हात जोडले नव्हते आणि जोडणारही नव्हता. पण विमान म्हटल्यावर त्याच्या बोटांना खाज सुटली. त्यानं नॅट केलं. लाकूड आणि पत्रा, पुढचं चाक आत घेणारं, पंखाखालच्या दिव्यानं लुकलुकणारं. तारेवरून ते सूं करून यायचं आणि समोरचं पुठ्ठ्याचं सेबर धूर सोडत खाली जायचं. माणूस लोटलं. रावणाकडं कुत्रं फिरकलं नाही.

आणि नाव कुणाचं झालं? कर्ण्यावरून दिवसभर पुकारा चालायचा: ‘संकल्पना, आमचे लाडके अध्यक्ष हंबीरराव! मूर्तिदान अमुक, मांडव तमुक, विद्युत रोषणाई फलाणे!’ वायरी ओढणाऱ्या पोराचंसुद्धा नाव आलं. अण्णासो कुरणे हे नाव आलं नाही. का आलं नाही, ते कुणी बोलून दाखवलं नाही. तसलं काही आता कोल्हापुरात बोलत नाहीत. नुसतं करतात.

अण्णासोनं ते हसण्यावारी नेलं. ‘मी त्येंच्या देवाला हात जोडत न्हाय, ते माझं नाव घेत न्हाईत. फिटंफाट.’

पण घरात आक्काताई होती. आक्काताई म्हणजे अण्णासोची बायको, जयसिंगपूरकडची. शिवणयंत्रावर गल्लीतल्या बायकांची झंपरं शिवायची. तिच्या बापानं शिरोळ तालुक्यात गावोगावच्या जत्रेला कमानी उभ्या केल्या होत्या, बांबू आणि रंगीत कापडाच्या, बघत राहाव्यात अशा. कमानीवर नाव असायचं पाटलाचं. बाप कमानीखालून परत येताना वर बघायचा नाही, हे तिनं लहानपणी पाहिलेलं. ती अण्णासोसारखी हसली नाही. तिनं शिवणयंत्र थांबवलं आणि एकदाच सांगितलं, ‘कर्ण्यावरनं तुमचं नाव पुकारतील त्या दिवशी ईन मी बघाय. तवर माझं पाऊल त्या मांडवात पडायचं न्हाय.’

आणि ते पडलं नाही. माणसं इचलकरंजीहून टेम्पो करून तिच्या नवऱ्याचं विमान बघायला यायची, आणि ती गल्लीच्या दुसऱ्या टोकाला काज करत बसायची. पोरं घराघरात सांगायची, ‘लै भारी इमान हाय!’ ती विचारायची, ‘कुणाचं हाय म्हणत्यात?’ पोरं म्हणायची, ‘हंबीररावाचं.’ तिचा दोरा तुटायचा.

तरी अण्णासो विमानं करत राहिला. कोण म्हणेल खोड, कोण म्हणेल नाद. खरं तर विमान केल्याशिवाय त्याला करमत नव्हतं. कधी श्रीनगरला फौजा उतरवणारं डाकोटा केलं, कधी डोक्यावर टेंगूळ असलेलं जंबो. आणि दर वर्षी मंडळानं त्याची काहीतरी वाट लावलीच. कारगिलच्या साली त्यानं मिराज केलं. तीन कोपऱ्याचा पंख, करकरीत, नाकाच्या टोकाला वेग मोजायची सुईसारखी नळी. दुसऱ्या दिवशी जाऊन बघतो तर त्या नळीला लिंबू-मिरची लटकलेली, चाकाखाली नारळ, आणि पंखावर आरशासारखा चकचकीत रंग मारून लिहिलेलं, ‘हंबीरराव युवा मंच’.

‘दृष्ट लागू ने म्हणून हो,’ हंबीरराव म्हणाला.

‘टायगर हिलवर बांधलंतं व्हय लिंबू?’ अण्णासो म्हणाला. ‘बाँब कशाला न्ह्यायचे मग? मिरच्याच टाकायच्या हुत्या पोत्यानं.’

पोरं हसली. हंबीररावही हसला. त्याला काय, मांडव भरला होता. अपमान गिळायची ताकद अध्यक्षांत फार मोठी असते, नाहीतर ते अध्यक्ष कसे होतील?

पण खरा कहर पुढच्या साली झाला. त्या जुलैत पॅरिसजवळ कॉन्कॉर्ड पडलं, पेपर महिनाभर त्याच्याच फोटोंनी भरले, आणि अण्णासोनं ठरवलं की ह्या विमानाला एकदा नीट उभं करायचं. आवाजाच्या पुढं पळणारं प्रवासी विमान. त्याचं नाक लांब, बगळ्याच्या चोचीगत. उतरताना पायलटला पुढची धावपट्टी दिसत नाही म्हणून ते नाकच खाली झुकतं. अण्णासोनं शिवणयंत्राची जुनी मोटर लावून ते नाक झुकणारं केलं. हळू, एका लयीत, कुठं धक्का नाही. त्या नाकावर त्याचा किती जीव होता ते सांगून सोय नाही.

मंडळानं काय करावं? विमान फिरवून गणपतीच्या समोर ठेवलं आणि बटन दाबलं. नाक खाली, नाक वर. नाक खाली, नाक वर. कर्ण्यावरून आवाज आला, ‘बघा भाविकहो बघा! साता समुद्रापारचं इमान, बाप्पाला नमस्कार करतंय!’ बायांनी विमानावर तांदूळ टाकले. एका म्हातारीनं त्या नाकाला हात लावून तो आपल्या डोळ्यांना लावला. हंबीरराव तर आनंदानं वेडा व्हायचा बाकी होता. आणि तो अण्णासोच्या खांद्यावर हात टाकून सगळ्या पोरांदेखत म्हणाला, ‘अण्णा, तुमचं इमान बी हात जोडाय लागलं. तुम्हीच तेवढं र्‍हायलासा बघा!’

एवढी खसखस पिकली की विचारू नका.  अण्णासो विमानाखाली वाकला, मोटरची पिन उपसली, खिशात घातली आणि घरी निघून आला. पुढची दोन वर्षं त्यानं मंडळाला उभं केलं नाही. मंडळानं मग गुहा केल्या, धबधबे केले. धबधब्याचं पाणी शेजारच्या दवाखान्यात शिरलं. शेजारच्या गल्लीचा रावण परत मान हलवायला लागला.

दोन हजार तीन साली, उन्हाळ्यात, हंबीरराव परत दारात. ह्या वेळी सोबत पुतण्या. ऋतुराज त्याचं नाव, मोबाईलचं दुकान, केसांना जेल, आणि बोलणं असं की जणू पृथ्वी त्याच्याच चार्जरवर चालते.

‘अण्णा,’ हंबीरराव म्हणाला, ‘इमानाला म्हणं शंभर वर्सं झाली औंदा. पेपरात आलंय. पहिलं इमान करू या. पाव्हणं बी मोठं येणार हाईत. झालं गेलं इसरा.’

अण्णासो काही बोलायच्या आत आतून शिवणयंत्र थांबल्याचा आवाज आला. आक्काताई दारात येऊन उभी राहिली.

‘नाव पुकारणार असशीला तर बोला,’ ती म्हणाली. ‘कर्ण्यावरनं. अण्णासो कुरणे, असं समदं. न्हायतर च्या घ्या आन् जावा.’

हंबीररावानं पुतण्याकडं बघितलं, पुतण्यानं मोबाईलकडं. ‘पुकारणार की वयनी! फेटा बांधणार पाव्हण्यांच्या हातनं. शब्द हाय माझा.’

‘आन् माझं एक,’ अण्णासो म्हणाला. ‘मी उभं केल्यावर कुणी हात लावायचा न्हाय. लिंबू न्हाय, मिरची न्हाय, नमस्कार न्हाय. जसं ठेवीन तसं.’

‘हात लावला तर तोडा!’ हंबीरराव म्हणाला. शब्द द्यायला त्याला कधीच काही वाटत नसे.

मग ते विमान आक्काताईच्या अंगणात जन्माला आलं. राईट बंधूंचं. दोघे भाऊ, सायकलीचं दुकान चालवणारे, आणि त्यांनी असलं काहीतरी उडवून दाखवलं. अण्णासोनं ते मूळच्या तिसऱ्या हिश्श्याचं केलं. वर-खाली दोन पंख, मध्ये काठ्या, काठ्यांना तारा. पंखे सायकलच्या चेननं फिरणारे. पंखांचं कापड आक्काताईनं शिवलं, पांढरं मांजरपाट, इचलकरंजीहून आणलेलं. काठी ज्या नेफ्यात सरकायची तो नेफा तिनं तीनदा उसवला आणि तीनदा शिवला, कारण अण्णासोला सुरकुती चालत नव्हती. दोघांची त्यावरून भांडणं झाली. एका दिवशी ती म्हणाली, ‘त्या भावास्नी बायका न्हवत्या काय?’

‘न्हवत्या. दोघं बी बिनलग्नाचं.’

‘तरीच उडालं,’ आक्काताई म्हणाली, आणि नेफा परत उसवला.

ह्या विमानाची एक गंमत होती. आपण विमान म्हटलं की पुढं पंखा आणि मागं शेपूट अशी सवय. ह्याचं सगळं उफराटं. विमान वर-खाली करायचे आडवे छोटे पंख पुढं, आणि फिरणारे पंखे मागं, विमानाला मागून ढकलणारे. मधे खालच्या पंखावर पायलट पालथा पडलेला, तोंड पुढं. तो पायलट म्हणजे दोन फुटी बाहुला. त्याचा कोट आक्काताईनं अण्णासोच्या जुन्या पँटचा शिवला आणि टोपी अस्तराच्या तुकड्याची. विमान अंगणात उभं असायचं ते ह्या पुढच्या छोट्या पंखांनी स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत. चुलीपुढून उठून बाहेर येताना तिचं डोकं रोज त्याला लागायचं. रोज ती त्या बाहुल्याला शिवी द्यायची. ‘मुडद्या, माझ्याकडं काय बघतोस? उड की!’

गणपती बसले, विमान मांडवात गेलं. लाकडी रुळावरून ते धडधडत पळायचं, लपवलेल्या तारेनं हातभर उचललं जायचं, डगमगायचं आणि पुढं जाऊन वाळूत बसायचं. खरं विमानही पहिल्या वेळी बारा सेकंदच उडालं होतं. अण्णासो मांडवाच्या कोपऱ्यात उभा राहून ते बघायचा आणि त्याचे डोळे भरून यायचे. बघणाऱ्याला वाटायचं, तंबाखू चढली.

पण माणसं? माणसं हसायला लागली. ‘आयला, उलटं बसिवलंय की!’ ‘शेपूट पुढं आन् तोंड मागं!’ शेजारच्या गल्लीतल्या पोरांनी तर बोंब उठवली, हंबीररावाचं इमान रिव्हर्समधी पळतंय म्हणून. अण्णासोनं चार जणांना समजावलं, पाचव्याला शिव्या दिल्या. हंबीररावाला बाजूला घेऊन सगळं उलगडून सांगितलं. हंबीररावानं ‘व्हय व्हय, बराबर हाय तुमचं’ म्हणून मान हलवली. मान हलवण्यात तो त्या रावणाला हार जाणारा नव्हता.

पाहुणे यायचा दिवस उजाडला. संध्याकाळी फेटा, नाव, कर्णा. आक्काताईनं सकाळीच केसांवरून पाणी घेतलं. लग्नातली नव्हे, त्याच्या खालोखालची साडी काढली, जांभळी, आणि दुपारभर तिच्या घड्या मोडत बसली. शेजारच्या धोंडुबाईला तिनं दोनदा विचारलं, ‘कर्ण्याचा आवाज नीट येतो न्हवं पुढच्या खुर्च्यांस्नी?’ उन्हाळ्यातला तो एक दिवस सोडला तर दहा वर्षांत तिनं अण्णासोपुढं ह्या नावाचा विषय परत काढला नव्हता. पण आता ती नेसलेल्या साडीच्या निऱ्या सोडून परत परत घालत होती. अण्णासोनं बघितलं. त्याला टोमणा मारायचा होता, पण त्यानं नुसती तिच्या चपलेला लागलेली धूळ पुसली.

दोघं दिवेलागणीला मांडवात आली. पाहुणे स्टेजवर बसलेले होते. धोंडुबाईनं पुढच्या रांगेत जागा धरली होती. आक्काताई बसली, पदर सावरला, बायकांना ‘या की, बसा की’ करायला लागली. आणि अण्णासोनं विमानाकडं बघितलं.

विमान फिरवलेलं होतं.

पंखे पुढं. छोटे आडवे पंख मागं, शेपटीसारखे. दुपारी तो जेवायला घरी गेला तेवढ्यात ऋतुराजनं आणि त्याच्या पोरांनी बोल्ट काढून आख्खं विमान उचलून उलटं बसवलं होतं. आणि एवढ्यावर भागलं नाही. आता पायलट मागं बघतोय हे त्यांच्याही लक्षात आलं असणार, म्हणून त्यांनी त्या बाहुल्यालाही उपटून फिरवलं. आता तो पंखावर पाय सोडून पालथा, चेनमध्ये तोंड घालून पडला होता. शंभर वर्षं जगानं ज्या विमानाला सलाम केला, त्याला हंबीररावाच्या पुतण्यानं सुधारून दिलं होतं!

अण्णासोच्या अंगाची लाही झाली. त्याच्या तोंडात सगळ्या शिव्या एकदम आल्या. त्याला स्टेजवर चढून माईक हिसकावायचा होता, त्या जेलवाल्याचं मुंडकं फिरवून बसवायचं होतं. तो एक पाऊल पुढं गेला. आणि मग त्यानं वळून आक्काताईकडं बघितलं. ती खुर्चीच्या टोकावर बसून वर, खांबाला बांधलेल्या कर्ण्याकडं बघत होती. बापासारखी मान खाली घालून नव्हे, वर बघत होती.

आता तोंड उघडलं तर नाव गेलं. विमान काय, परत करता येईल. हे नाव परत कुणी पुकारणार नव्हतं. अण्णासो कुरणे, ज्यानं उभ्या आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, तो गप्प बसला. 

‘आणि आता,’ कर्ण्यातून ऋतुराजचा आवाज आला, ‘ह्या देखाव्याचे शिल्पकार, आमच्या गल्लीची शान... श्री. अण्णासो कुरणे!’

टाळ्या पडल्या. अण्णासो स्टेजवर चढला. पाहुण्यांच्या हातात कोल्हापुरी फेट्याचं एक टोक दिलं, बाकीचा एक पोरगा गुंडाळायला लागला. हंबीरराव हसत फोटोत आला. अण्णासो खाली बघत उभा होता. आणि तेवढ्यात कुणीतरी देखाव्याचं बटन दाबलं. पंखे फिरले, विमान उलट्या तोंडानं रुळावरून धावलं, उचललं गेलं, वाळूत बसलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. आता कसं, विमानासारखं विमान!

‘थांबा,’ पुढच्या रांगेतून आवाज आला.

आक्काताई उभी राहिली होती. तिच्या आवाजाला कर्णा लागत नव्हता.

‘ह्ये इमान फिरवलंय कुणी?’

हंबीरराव माईकजवळ सरकला. ‘वयनी, कार्यक्रम चालू हाय. मागनं बोलू.’

‘चालू हाय म्हणूनच बोलाय पायजे. मागनं तुम्ही कुठं घावतासा?’ ती दोन पावलं पुढं गेली. ‘चार म्हैने माझ्या दारात हुतं ह्ये. त्येचं तोंड रोज लागलंय माझ्या कपाळाला. मला सांगतासा तोंड कुठलं आन् शेपूट कुठलं? आन् त्या बाहुल्याचं थोबाड चेनीत घातलंय, त्येचा कोट मी शिवलाय. डोळं फुटलं हुतं काय तुमचं?’

 पाहुणे फेट्याचं टोक धरून तसेच उभे. ऋतुराज म्हणाला, ‘काकी, लोकं हसत हुती...’

‘हसू देत की! लोकं हसत्यात म्हणून तू तुझ्या बापाला उलटा बसिवतोस व्हय रं?’ आणि ती स्टेजकडं बोट करून म्हणाली, ‘नाव माघारी घ्या. ह्ये इमान अण्णासो कुरणेचं न्हवं. ज्यानं फिरवलं त्येचं नाव पुकारा, आन् फेटा बी त्येलाच बांधा.’

माईक चालूच होता. हे सगळं कर्ण्यावरून राजारामपुरीच्या सगळ्या गल्ल्यांत गेलं. अण्णासो कुरणे हे नाव सगळ्या मुलखानं दोनदा ऐकलं, एकदा पुतण्याच्या तोंडून आणि एकदा तिच्या.

अण्णासोनं अर्धा बांधलेला फेटा डोक्यावरून काढला, नीट गुंडाळला आणि ऋतुराजच्या हातात ठेवला. ‘घे,’ म्हणाला. ‘पुढनं बांध. मागनं बांधलास तर उलटा वाटंल.’ मग तो खाली उतरला. जाताना त्यानं देखाव्यात वाकून बाहुल्याच्या डोक्यावरची टोपी तेवढी काढून घेतली. पाहुण्यांना हा सगळा देखाव्याचाच भाग वाटला असावा, कारण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

दोघं घरी निघाली. वाटेत रिक्षा, दिवे, वडापावच्या गाड्या, सगळी गर्दी गणपती बघायला निघालेली. कोपऱ्यावर आक्काताई थांबली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. भर रस्त्यात, कुणाची पर्वा न करता.

‘धा वर्सं वाट बघितली मी त्या नावाची,’ ती म्हणाली. ‘धा वर्सं!’

‘मग कशाला उठलीस?’ अण्णासो म्हणाला. ‘पुकारलंतं की. गप बसायचं हुतंस. मी बसलो न्हवं?’

‘तुम्ही गप बसलासा म्हणूनच कळलं मला,’ आक्काताई म्हणाली. ‘जल्मात कधी गप बसला न्हायसा. तुमच्या तोंडाकडं बघितलं आन् मग इमानाकडं बघितलं. तुमाला गप बसवून मिळालेलं नाव मी काय करू?’

   अण्णासोनं खिशातली ती अस्तराची टोपी काढून तिच्या हातात दिली. तिनं ती उलटी करून शिवण कुठं उसवली नाही ना ते बघितलं, आणि मग दोघं चालत घरी गेली.